लीळासंग्राहक म्हाइंभट

इंदापूर तालुक्यातील नीरा-नरसिंहपूर येथे नीरा आणि भीमा यांचा संगम होतो. पान जीर्ण झाले, शाई उडाली, घरात वाचणारा कोणी उरला नाही, म्हणजे पोथी वस्त्रात गुंडाळून पाण्यात सोडावी, ही सर्वसाधारण समाजातील जुनी रीत आहे. तीमागे अनादर नसतो. पवित्र वस्तू पायदळी येऊ नये एवढीच भावना असते. परंतु नीरा ओलांडून श्रीचक्रपाणिप्रभूंच्या फलटणास दर्शनाला जाणाऱ्या बारामती-इंदापूरकडील वासनिकांनी अशी पोथी हाती घेण्यापूर्वी म्हाइंभटांचे चरित्र एकदा मनात आणावे.

म्हाइंभट सराळे गावचे. शास्त्रसंपन्न ब्राह्मण, वादात निपुण आणि त्या निपुणतेचा अभिमान बाळगणारे. सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींच्या संनिधानी ते आले तेही विद्वत्तेच्या बळावर, आणि तेथे त्यांचा अभिमान गळाला. तथापि अनुसरण लगेच घडले नाही. स्वामींनी उत्तरापंथे गमन केल्यानंतर, श्रीनागदेवाचार्यांच्या आश्रयाने ते मार्गात स्थिरावले. ज्याच्या चरित्राचा ग्रंथ आपण पुढे सिद्ध केला, त्याचे संनिधान आपल्याला थोडेच लाभले, ही खंत त्यांच्या सर्व उद्योगाच्या मुळाशी असावी, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

स्वामींच्या वियोगानंतर भक्तपरिवार ऋद्धिपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेस राहिला. तेथे वाजेश्वरीच्या देवळात भटोबास एकांती लीळांचे स्मरण करीत. ते पाहून म्हाइंभटांच्या मनात विचार आला, की आज या लीळा स्मरणाऱ्यांच्या ठायी आहेत, परंतु हे स्मरणारे गेल्यावर मागील लोकांनी कशाचे स्मरण करावे? त्यांनी आचार्यांपाशी लेखनाची अनुज्ञा मागितली व ती मिळाली. मग ज्याने जी लीळा पाहिली वा ऐकली, त्याच्याकडे जाऊन त्यांनी ती मिळविली आणि आचार्यांकडून पारखून घेतली. सांगणारा विद्वान असो की साधी बाई असो, साक्षीचे मोल एकच. संस्कृतात ग्रंथ रचण्याचे सामर्थ्य असलेल्या या पंडिताने सांगणाऱ्यांची मराठी जशीच्या तशी ठेवली, यात त्यांच्या पांडित्याचा खरा त्याग दिसतो. शके १२०० (इ.स. १२७८) च्या सुमारास एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध असे लीळाचरित्र सिद्ध झाले. पुढे श्रीगोविंदप्रभूंचे चरित्रही त्यांनीच लिहिले.

आणि ही मूळ पोथी राहिली नाही. चौदाव्या शतकाच्या आरंभी देवगिरीच्या राज्यावर खलजींच्या स्वाऱ्या झाल्या. आपल्या ग्रंथांत जिला खालशाची धाडी म्हटले आहे, त्या धामधुमीत ती नाहीशी झाली. एवढ्या कष्टाचा संग्रह, आणि एका पळापळीत गेला!

तरी लीळाचरित्र आज आपल्यासमोर आहे, ते कंठस्थ ठेवणाऱ्यांमुळे. हिराइसांच्या स्मरणात ग्रंथ होता. त्यांच्या तोंडून एक पाठ उभा राहिला, इतरांच्या स्मरणातून आणखी पाठ झाले. हे पाठ सर्वत्र जुळत ना. येथे मार्गातील पूर्वजांनी जे केले ते विशेष आहे. एक पाठ खरा मानून बाकीचे टाकून देणे सोपे होते. ते त्यांनी केले नाही. कोणाच्या मते लीळा कशी, हे नावानिशी नोंदवून भिन्न पाठ शेजारी-शेजारी राहू दिले. आज एखाद्या हस्तलिखितात वाक्याच्या मध्येच दुसऱ्याचे मत येते आणि नवखा वाचक अडखळतो. त्याने ते दोष समजू नयेत. एका पोथीच्या नाशाने पोळलेल्यांची ती सावधगिरी आहे.

त्याच शतकात रवळोबासांनी सकळ लिपी सिद्ध केली. ग्रंथ तीत बंदिस्त राहिले, आणि मार्गासोबत पंजाब, पेशावर, काबूलपर्यंत मराठी पोथ्या गेल्या. बाहेरच्या अभ्यासकांना त्या विसाव्या शतकात उलगडल्या. १९३६ पासून ह. ना. नेने यांनी लीळाचरित्र भागशः छापले, १९७८ मध्ये वि. भि. कोलते यांची संपादित आवृत्ती निघाली. दोघांनाही आधार हस्तलिखितांचाच होता, आणि ती कोणीतरी, अनेकदा वाचता न येताही, कापडात बांधून ठेवली म्हणूनच मिळाली. बारामतीच्या मोरोपंतांची (१७२९–१७९४) अफाट काव्यरचनाही एकोणिसाव्या शतकातील छापखान्यापर्यंत अशाच हस्तलिखितांतून पोहोचली.

छापील ग्रंथ हाती आला म्हणजे जुन्या पोथीचे काम संपले, असा समज अलीकडे दिसतो. छापील प्रतीत संपादकाने निवडलेला पाठ असतो, घरच्या पोथीत कदाचित वेगळा असेल. तो वेगळा आहे की नाही, हे ती उघडून पाहिल्याखेरीज कोणी सांगू शकत नाही. तुकडे झाले असले तरी पाने क्रमाने लावून, कोरड्या वस्त्रात बांधून ती जवळच्या आश्रमातील महंतांना दाखवावी. शेवटचे पान, जेथे लेखक आपले नाव, शक आणि गाव लिहितो, ते वेगळे पडले असल्यास शोधून सोबत न्यावे.