आगकाड्या नाचवणारे दादासाहेब फाळके

स्टॉप मोशनसाठी लाकडी सेट बनवायचाय, पण सुतारकाम येत नाही? मग काडेपेटी घ्या. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ मध्ये तेच केलं होतं.

१८७० मध्ये त्र्यंबकेश्वरला जन्मलेले फाळके जे. जे. मध्ये चित्रकला शिकले, मग फोटोग्राफी, छपाई असं बरंच काही केलं. १९१२ मध्ये विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून लंडनला गेले आणि विल्यमसन कॅमेरा आणला. पण सिनेमासाठी पैसा कोण देणार? त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि महिनाभर रोज थोडं थोडं चित्रण केलं. पडद्यावर रोप झरझर वाढलं. आपला टाइमलॅप्स! ते बघून कर्ज मिळालं, तरी पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने तारण ठेवावे लागलेच. त्यातून १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' उभा राहिला.

पुढे महायुद्धात पैशांची चणचण झाली. त्याच काळातली 'आगकाड्यांची मौज'. यात नट नाहीत, फक्त काड्या. काडी ठेवायची, एक फ्रेम घ्यायची, काडी जराशी सरकवायची, पुन्हा फ्रेम. मूकपटाला सेकंदाला साधारण १६ फ्रेम धरल्या, तर दहा सेकंदांच्या नाचाला १६० वेळा हा खेळ. मधेच धक्का लागला तर डिलीट नाही. रीळ धुतल्यावरच कळणार. (अंबरनाथचा विमको नाका माहितीये ना? तो काडेपेटीचा कारखाना यानंतरचा.)

फाळके १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकमध्ये गेले. 'राजा हरिश्चंद्र'चा काही भाग आजही बघता येतो. आगकाड्यांची रिळं मात्र उरली नाहीत.