आर्थर व्हॉर्टन : पहिला मान आणि उशिरा मिळालेला मान



युरोपातील फुटबॉलचे सामने दूरदर्शनवर पाहताना आफ्रिकी वंशाचे खेळाडू दिसले, तर त्यात आपल्याला काही नवल वाटत नाही. परंतु ही वाट कोणीतरी प्रथम पाडलेली असते. आर्थर व्हॉर्टन हे अशी वाट पाडणारे खेळाडू होते. जगातील पहिले कृष्णवर्णीय व्यावसायिक फुटबॉलपटू म्हणून ते ओळखले जातात. त्यांचा परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

आर्थर यांचा जन्म २८ ऑक्टोबर १८६५ रोजी पश्चिम आफ्रिकेतील अक्रा येथे झाला. त्या वेळी हा प्रदेश गोल्ड कोस्ट या नावाची इंग्रजांची वसाहत होता. आज तो घाना देशात आहे. वडील हेन्री मूळचे वेस्ट इंडीजमधील ग्रेनाडा बेटाचे. ते मेथडिस्ट पंथाचे धर्मोपदेशक होते. आई आफ्रिकेतील फान्टी समाजाच्या राजघराण्याशी संबंधित होती. मुलानेही धर्मोपदेशक व्हावे, या हेतूने आर्थर यांना १८८२ मध्ये शिक्षणासाठी इंग्लंडला पाठविण्यात आले. डार्लिंग्टनच्या महाविद्यालयात त्यांनी प्रवेश घेतला खरा, पण त्यांचे मन रमले ते मैदानावर. अखेर शिक्षण बाजूला ठेवून त्यांनी खेळाचीच कास धरली.

३ जुलै १८८६ रोजी लंडनच्या स्टॅमफर्ड ब्रिज मैदानावर राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा झाली. त्यात १०० यार्डांचे अंतर आर्थर यांनी १० सेकंदांत पार केले आणि विजेतेपद मिळविले. पुढच्या वर्षीही ते त्यांच्याकडेच राहिले. क्रिकेट आणि सायकल शर्यतीतही ते चमकले.

फुटबॉलमध्ये ते गोलरक्षक होते. त्या काळी हे काम मोठे धोक्याचे होते, कारण गोलरक्षकाला अंगाने धक्का देऊन पाडणे नियमात बसत असे. डार्लिंग्टनकडून खेळताना त्यांचे नाव झाले व प्रेस्टन नॉर्थ एंड या बलाढ्य संघाने त्यांना बोलावून घेतले. १८८७ मध्ये एफ. ए. कप स्पर्धेच्या उपांत्य फेरीपर्यंत हा संघ पोहोचला. आर्थर यांना इंग्लंडच्या संघात घ्यावे, अशीही चर्चा झाली. पण निवड झाली नाही. काही वृत्तपत्रांनी तर त्यांच्या वर्णावरून हिणकस टिंगल केली.

१८८८ मध्ये धावण्याकडे अधिक लक्ष देण्यासाठी त्यांनी प्रेस्टन सोडले. दैव पाहा, त्याच हंगामात प्रेस्टनने पहिली लीग स्पर्धा एकही सामना न हरता जिंकली! १८८९ मध्ये आर्थर रॉदरहॅम टाउनकडून व्यावसायिक फुटबॉलपटू झाले. पुढे शेफील्ड युनायटेडमध्ये विल्यम फोक या प्रसिद्ध गोलरक्षकामुळे त्यांना फारशी संधी मिळाली नाही. तरीही १८९५ मध्ये संडरलँडविरुद्ध ते मैदानात उतरले आणि इंग्लंडच्या सर्वोच्च श्रेणीत खेळणारे पहिले कृष्णवर्णीय खेळाडू ठरले. नंतर लहान संघांतून खेळत १९०२ मध्ये, स्टॉकपोर्ट काउंटीकडे असताना, ते निवृत्त झाले.

त्या वेळी खेळाडूला निवृत्तिवेतन कुठले? एकेकाळी हजारोंच्या टाळ्या मिळविणारे आर्थर पुढे यॉर्कशायरच्या कोळसा खाणीत मजुरी करू लागले. १३ डिसेंबर १९३० रोजी एडलिंग्टन येथे त्यांचे निधन झाले. गरिबांसाठी असलेल्या जागेत त्यांचे दफन झाले. कबरीवर नावाचा दगडही नव्हता.

तो दगड बसला १९९७ मध्ये, म्हणजे ६७ वर्षांनी. शेफील्डमधील वर्णद्वेषाविरुद्ध काम करणाऱ्या फुटबॉलप्रेमींनी त्यासाठी चिकाटीने प्रयत्न केले. २००३ मध्ये इंग्लिश फुटबॉलच्या सन्मान दालनात त्यांचा समावेश झाला आणि २०१४ मध्ये इंग्लंडच्या राष्ट्रीय फुटबॉल केंद्रात त्यांचा पुतळा उभा राहिला.

हा सन्मान पाहायला आर्थर नव्हते, याची हळहळ वाटते. म्हणून आम्ही एवढेच सांगू इच्छितो : विजेत्यासाठी टाळ्या अवश्य वाजवा, पण मैदान सोडून गेलेल्या खेळाडूचीही कधी विचारपूस करा. त्याला त्याच्या हयातीतच आपली आठवण कळू द्या.