जांबचे समर्थ आणि आपलं डॉक्युमेंटेशन

फायनल इयरच्या प्रोजेक्टमध्ये सगळ्यांना कोडिंग हवं असतं. डॉक्युमेंटेशन म्हटलं की जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. पण या कामात ज्यांचा हात धरणारा कुणी नाही, असे एक थोर पुरुष आपल्याच जालना जिल्ह्यातले. ते म्हणजे समर्थ रामदास.

घनसावंगी तालुक्यातल्या जांब गावी १६०८ साली, रामनवमीला सूर्याजीपंत ठोसर आणि राणूबाई यांच्या पोटी नारायणाचा जन्म झाला. बाराव्या वर्षी लग्न ठरलं. परंपरा सांगते की बोहल्यावर सावधान हा शब्द कानी पडताच हा मुलगा खरंच सावध झाला आणि पळाला तो थेट नाशिकजवळच्या टाकळीला. तिथे बारा वर्षं तप आणि अभ्यास. त्या काळात झेरॉक्स नव्हतं, ग्रंथ हवा तर हातानं उतरवून घ्यायचा. समर्थांच्या अक्षरातली मानली जाणारी वाल्मीकि रामायणाची प्रत आजही धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात जपून ठेवली आहे.

पुढची बारा वर्षं देशभर पायी फिरण्यात गेली. १६४४ च्या सुमारास ते कृष्णाकाठी आले, १६४८ मध्ये चाफळला राममंदिर उभं केलं, गावोगावी मारुती बसवले, मठ काढले. आता प्रश्न आला की इतक्या मठांत सारखंच कसं शिकवायचं? त्याचं उत्तर म्हणजे दासबोध. महाडजवळच्या शिवथरघळीत समर्थ सांगत आणि शिष्य कल्याणस्वामी लिहून घेत, असं मानतात.

हा ग्रंथ एका बैठकीत झालेला नाही. आधी एकवीस समासांचा जुना दासबोध होता. आजच्या ग्रंथात वीस दशक, दोनशे समास आहेत. सहाव्या दशकात कलियुगाचं जे वर्ष दिलंय ते १६५९ साली येतं. म्हणजे काम वाढत गेलं तसं लिखाणही वाढत गेलं. आपल्या भाषेत, व्हर्जन वनवर ते थांबले नाहीत.

एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास तर फक्त लिहावं कसं यावर आहे. अक्षर वाटोळं, मोकळं हवं. पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत सगळं एकाच लेखणीनं लिहिल्यासारखं दिसावं. एक ओळ दुसरीला लागू नये. तरुणपणी फार बारीक लिहू नये, म्हातारपणी ते वाचता येत नाही. पानाभोवती जागा सोडावी, कारण कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षर झडता कामा नये. आपण समास सोडतो ते सर मार्क कापतील म्हणून. समर्थांना पुढच्या शंभर वर्षांची काळजी होती.

१६८२ साली सज्जनगडावर समर्थांनी देह ठेवला. कल्याणस्वामी परांडा तालुक्यातल्या डोमगावच्या मठात होते. त्यांच्या हातची दासबोधाची प्रत तिथे शिष्यांनी सांभाळली. धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी ती मिळवून १९०५ मध्ये छापली. सांगणारा गेला, लिहिणारा गेला, तरी सव्वादोनशे वर्षांनी मजकूर सापडला आणि वाचता आला.

आता आपलं बघा. सीनियर पासआऊट होतात, नोकरीसाठी पुण्याला जातात आणि त्यांचा चालू प्रोजेक्ट वर्षभरात कुणालाच कळेनासा होतो. कोड असतो, पण असं का केलं हे सांगायला कुणी नसतं. मग ज्युनियर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतात. दरवर्षी तीच मेहनत वाया. कोड बदलला पण डॉक्युमेंट जुनंच राहिलं तर आणखी वाईट, कारण ते वाचणाऱ्याला चुकीच्या वाटेनं नेतं.

म्हणून फार काही नको. कोडमध्ये जो बदल कराल, तो त्याच दिवशी लिहून ठेवा, दुसऱ्याला समजेल अशा भाषेत. जांब इथून लांब नाही. एखाद्या रविवारी हॉस्टेलमधून सगळे मिळून जाऊन या, आणि आल्यावर आपल्या प्रोजेक्टची फाईल उघडा.