सात वर्षांचे शून्य

कार्याचे मोल वार्षिक फलितावरून ठरविण्याची सवय आपल्या अंगवळणी पडली आहे. विल्यम कॅरे यांचे चरित्र या सवयीला छेद देणारे आहे. जोडे शिवणारा हा इंग्रज कारागीर १७९३ साली ख्रिस्ती धर्मप्रचारासाठी बंगालमध्ये आला. पुढच्याच वर्षी त्यांचा मुलगा पीटर दगावला. पत्नीचे मानसिक स्वास्थ्य ढासळले. पोटासाठी निळीच्या कारखान्यावर नोकरी करावी लागली. सात वर्षांत एकाही बंगाली माणसाने बाप्तिस्मा घेतला नाही. १८०० च्या डिसेंबरअखेर कृष्ण पाल या सुताराने तो प्रथम घेतला.

१८१२ साली श्रीरामपूरच्या त्यांच्या छापखान्यास आग लागली. वर्षानुवर्षे सिद्ध केलेली हस्तलिखिते व अनेक लिप्यांचे खिळे नष्ट झाले. पन्नाशीतले कॅरे पुन्हा पहिल्या पानापासून लिहू लागले आणि १८३४ मध्ये तेथेच निवर्तले.

त्यांच्या धर्ममताशी आपण सहमत असू वा नसू. परंतु १७९९ सालीच हिशेब मिटवून ते मायदेशी परतते, तर वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने सिद्ध झालेले १८०५ चे मराठी व्याकरण आणि १८१० चा मोडीत छापलेला कोश त्यांच्या हातून घडला नसता.