अलेक्झांडर फ्लेमिंग: पेनिसिलिन आणि जिवाणूंची दोन प्रोटीन्स

अँटिबायोटिक म्हटलं की मला आधी फ्लेमिंग आठवतात. जन्म १८८१ चा, स्कॉटलंडमधल्या शेतकरी घरातला. लंडनमध्ये आधी जहाज कंपनीत कारकुनी, मग सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये डॉक्टर. पहिल्या महायुद्धात त्यांनी जखमा चिघळून मरणारे सैनिक पाहिले.

सप्टेंबर १९२८ मध्ये ते सुट्टीवरून परतले, तर काचेच्या एका बशीत बुरशी आलेली आणि तिच्याभोवतीचे जिवाणू गायब! बुरशीतल्या त्या द्रव्याला त्यांनी पेनिसिलिन नाव दिलं. त्याचं औषध केलं ऑक्सफर्डच्या फ्लोरी आणि चेन यांच्या टीमने. १९४५ चं नोबेल तिघांनाही मिळालं.

हे औषध चालतं कसं? जिवाणूची भिंत जोडणारं एक प्रोटीन असतं. त्याच्या खाचेत भिंतीचा तुकडा बसतो आणि जोडला जातो. पेनिसिलिन त्या तुकड्यासारखंच दिसतं, म्हणून खाचेत जाऊन अडकून बसतं. भिंत कच्ची राहते, जिवाणू फुटतो. आपल्या पेशींना अशी भिंतच नसते.

पण जिवाणूंकडेही तोड आहे. बीटा-लॅक्टमेज हे त्यांचं दुसरं प्रोटीन पेनिसिलिनमधलं चार अणूंचं कडं तोडतं आणि औषध निकामी होतं.

डोस कमी पडला तर जिवाणू औषधाला दाद देणार नाहीत, हे फ्लेमिंगनी नोबेलच्या भाषणातच बजावलं होतं. १९५५ मध्ये ते गेले, धोका मात्र वाढतोच आहे. सर्दीच्या व्हायरसला तर ही भिंतच नसते. म्हणून सांगतो, मेडिकलमधून स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक घेऊ नका.