शेअर आधी घ्यावा की तेजीची वाट पाहावी? प्रेमचंद रायचंद यांच्या आयुष्याचा धडा

शेअर स्वस्त असतानाच घ्यावा, की तेजी पक्की झाल्यावर? १८६५ मध्ये मुंबईत दोन्ही वाटांनी गेलेले लोक बुडाले. त्यात सर्वांत मोठे नाव होते दलाल प्रेमचंद रायचंद यांचे.

आधी शिरले, त्यांचे काय?
सुरतेत जन्मलेले प्रेमचंद मुंबईत कापूस आणि शेअरचे बडे दलाल झाले. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिकडचा कापूस ब्रिटनच्या गिरण्यांना मिळेना, त्यामुळे भारतीय कापसाचे भाव भडकले. प्रेमचंद यांनी या तेजीत अमाप पैसा कमावला.

थांबले, त्यांचे काय?
हा पैसा नव्या बँका आणि समुद्रात भराव टाकणाऱ्या कंपन्यांकडे वळला. बॅक बे कंपनीचा ५ हजारांचा शेअर ५० हजारांवर गेला. भाव चढतोच आहे, अशी खात्री पटल्यावर अनेकांनी कर्ज काढून खरेदी केली.

मग बिनसले कुठे?
१८६५ च्या एप्रिलमध्ये युद्ध संपत आले आणि कापूस कोसळला. १ जुलैला मुदतीचे सौदे मिटवायला लोकांकडे पैसेच नव्हते. प्रेमचंदही बुडाले. पुढे बँक ऑफ बॉम्बेही बंद पडली.

धडा काय?
आधी की नंतर, यापेक्षा दोन प्रश्न मोठे : भाव कशामुळे चढतोय? आणि आपण पैसा कुणाचा लावतोय?

प्रेमचंद यांचे निधन १९०६ मध्ये झाले. शेअरमधली श्रीमंती गेली. पण तेजीच्या काळात त्यांनी विद्यापीठाला दिलेल्या देणगीतून उभा राहिलेला, त्यांच्या आईच्या नावाचा राजाबाई टॉवर आजही उभा आहे.