खामगावाहून वायलमपर्यंत

विलायतेची वारी आता आपल्या जिल्ह्यातील मध्यमवर्गीयांना पूर्वीइतकी दुर्लभ राहिलेली नाही. मुलगा किंवा मुलगी तिकडे शिकावयास अथवा नोकरीस असते आणि निवृत्त शिक्षक वा कारकून आईवडील दोन-तीन आठवडे तिकडे राहून येतात. लंडनचा राजवाडा, थेम्सवरचा पूल आणि मोठी दुकाने पाहून झाली की प्रवास पुरा झाला, असे बहुतेकांना वाटते. त्यात वावगे काही नाही. परंतु ज्यांना आगगाडीविषयी लहानपणापासून कुतूहल आहे, त्यांनी आपल्या प्रवासाची आखणी शहरांच्या यादीवरून न करता एका माणसाच्या चरित्रावरून करावी, असे सुचवावेसे वाटते. तो माणूस म्हणजे जॉर्ज स्टीफन्सन.

बुलढाणा जिल्ह्याच्या माणसाचा स्टीफन्सनशी काय संबंध, असा प्रश्न कोणी विचारील. संबंध कापसाचा आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस बंद झाला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग मलकापूर, नांदुरा, शेगाव करीत १८६७ साली नागपूरला पोहोचला. १८७० च्या मार्च महिन्यात खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आले, ते जलंब-खामगाव या सुमारे १३ किलोमीटरच्या फाट्याचे उद्घाटन करण्यासाठी. एवढ्याशा फाट्यासाठी एवढा मोठा पाहुणा येण्याचे कारण खामगावचा कापूसबाजार हेच होते. या रेल्वे कंपनीचा इंग्लंडमधील सल्लागार अभियंता होता रॉबर्ट स्टीफन्सन, म्हणजे जॉर्जचा मुलगा. तेव्हा आपल्या दारातील रुळांचे मूळ शोधावयाचे तर इंग्लंडच्या ईशान्य कोपऱ्यातच जावे लागते.

प्रवासाचा आरंभ न्यूकॅसलजवळच्या वायलम या खेड्यापासून करावा. तेथील एका साध्या दगडी घरात ९ जून १७८१ रोजी जॉर्जचा जन्म झाला. एका घरात चार कुटुंबे राहत आणि स्टीफन्सन कुटुंबाच्या वाट्याला एकच खोली होती. वडील खाणीतील पाणी उपसणाऱ्या यंत्राच्या भट्टीत कोळसा टाकण्याचे काम करीत. आईवडील दोघेही निरक्षर. घरासमोरून कोळशाच्या गाड्या लाकडी रुळांवरून घोडे ओढून नेत. त्या मुलाने गुरे राखली, कोळशातून दगड निवडले आणि सतराव्या वर्षी तो यंत्रचालक झाला. अक्षरओळख त्याला अठराव्या वर्षी झाली, तीही दिवसभराच्या कामानंतर रात्रीच्या शाळेत, आपल्या मजुरीतून फी भरून. आपल्या शिक्षकबंधूंनी त्या घरासमोर घटकाभर थांबावे. हे घर नॅशनल ट्रस्ट या संस्थेने जपले आहे. आत प्रवेश मिळेल की नाही याची चौकशी मात्र निघण्यापूर्वीच करावी.

वायलमहून किलिंगवर्थ फार दूर नाही. जॉर्जच्या आयुष्यातील सर्वांत कष्टाची वर्षे येथे गेली. १८०३ साली रॉबर्टचा जन्म झाला. पुढे तान्ही मुलगी गेली आणि १८०६ साली पत्नी फॅनी हिचाही अंत झाला. वडील एका अपघातात आंधळे झाले, त्यांचा भार अंगावर आला. अशा स्थितीत या माणसाने मुलाला न्यूकॅसलच्या चांगल्या शाळेत घातले आणि जाण्यायेण्यासाठी एक गाढव विकत घेऊन दिले. मुलगा संध्याकाळी पुस्तके घेऊन घरी येई आणि बाप त्याच्याबरोबर बसून ती शिके. मुलाच्या पाटीवरून बापाने विज्ञान शिकल्याचे असे उदाहरण इतिहासात विरळाच.

१८१४ साली किलिंगवर्थला जॉर्जने आपले पहिले वाफेचे इंजिन रुळांवर चालविले. दुसऱ्या वर्षी त्याने खाणीत स्फोट होऊ न देणारा दिवा तयार केला. त्याच सुमारास सर हम्फ्री डेव्ही यांनीही असाच दिवा सिद्ध केला होता. एका अडाणी यंत्रकाऱ्याला हे साधलेच कसे, असा संशय लंडनच्या विद्वानांनी घेतला. त्या अन्यायाची सल त्याच्या मनातून कधी गेली नाही आणि पुस्तकी पंडितांविषयी तो आयुष्यभर काहीसा कडवट राहिला. हा त्याचा दोषही होता, हे चरित्र सांगणाऱ्याने लपवू नये.

पुढचा मुक्काम डार्लिंग्टन आणि शिल्डन. २७ सप्टेंबर १८२५ रोजी स्टॉक्टन-डार्लिंग्टन मार्गावर जॉर्जने स्वतः ‘लोकोमोशन’ हे इंजिन हाकले. वाफेच्या इंजिनाने ओढलेल्या गाडीतून सार्वजनिक मार्गावर माणसे प्रथम गेली ती त्या दिवशी. या घटनेला २०२५ साली दोनशे वर्षे पूर्ण झाली. यामागे एडवर्ड पीज या डार्लिंग्टनच्या व्यापाऱ्याचे पाठबळ होते. रेल्वे तेथे सरकारने दिली नव्हती, गावच्या लोकांनी भांडवल जमवून ती उभी केली होती. शिल्डनचे संग्रहालय आणि यॉर्कचे राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय यांना मिळून दोन पूर्ण दिवस राखून ठेवावेत. जुनी इंजिने एका संग्रहालयातून दुसऱ्यात हलविली जातात, म्हणून ‘रॉकेट’ सध्या कोठे आहे हे आधी विचारून मगच तिकिटे काढावीत.

शेवटचा टप्पा मँचेस्टर ते लिव्हरपूल. हा मार्ग म्हणजे खामगावच्या फाट्याचा वडील भाऊ. लिव्हरपूलच्या बंदरात उतरलेला कापूस मँचेस्टरच्या गिरण्यांत नेण्यासाठी तो बांधला गेला. १८२५ साली या मार्गाचे विधेयक संसदेच्या समितीपुढे आले, तेव्हा विरोधी वकिलाने जॉर्जला साक्षीत अक्षरशः सोलून काढले. त्याच्या हाताखालच्या माणसांनी केलेली मोजणी चुकीची निघाली, पुलाच्या उंचीचे आकडे त्याला सांगता येईनात. विधेयक बारगळले. परंतु चालकांनी नव्या लोकांकडून फेरमोजणी करून घेतली आणि १८२६ साली ते मंजूर करून घेतले. बांधण्याचे काम पुन्हा जॉर्जकडेच आले. चॅट मॉस ही दलदल कधीच ओलांडता येणार नाही, असे जाणते म्हणत होते. त्याने झाडोऱ्याच्या मोळ्यांचे थर घालून रूळ जणू तरंगत ठेवले. आजही त्या दलदलीवरून गाड्या धावतात. खिडकीजवळची जागा धरून बसावे. रेनहिल हे स्थानकही वाटेत लागते. १८२९ च्या ऑक्टोबरात तेथे झालेली इंजिनांची शर्यत बापलेकांच्या ‘रॉकेट’ने जिंकली. न्यूटन-ले-विलोज येथील व्हल्कन कारखान्यातून आपल्या देशातील पहिल्या प्रवासी गाडीच्या कंपनीला इंजिने आली होती. कारखाना आज उरलेला नाही. १५ सप्टेंबर १८३० रोजी मार्ग सुरू झाला, त्याच दिवशी विल्यम हस्किसन हे संसद-सदस्य इंजिनाखाली सापडून मरण पावले. मँचेस्टरचे मूळ स्थानक आणि त्याचे १८३० चे गोदाम जतन केलेले आहे.

उत्तरायुष्यात जॉर्जने नाइटचा किताब नाकारला आणि चेस्टरफील्डजवळ बागेत तो काकड्या सरळ वाढविण्याचे प्रयोग करीत राहिला. १२ ऑगस्ट १८४८ रोजी तेथेच त्याचे निधन झाले. मुंबई-ठाणे गाडी धावावयास तेव्हा पाच वर्षे अवकाश होता.

या प्रवासातून गौरवाची भावनाच तेवढी घेऊन यावी, असे मात्र नाही. ज्या रुळांनी खामगावचा कापूस लँकेशायरला गेला, त्याच रुळांनी तेथील कापड परत आले आणि आमच्या विणकऱ्याचा माग थंडावला. त्या गोदामासमोर उभे राहताना हेही आठवावे. पण त्याहूनही एक व्यावहारिक गोष्ट ध्यानी धरावी. आमच्या जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणी, बुलढाण्याला, आजही रेल्वे नाही. चिखली, देऊळगाव राजा या बाजूने जाणाऱ्या खामगाव-जालना मार्गाची मागणी शंभर वर्षांहून जुनी आहे. मोजण्या झाल्या, निवेदने गेली, उपोषणे झाली. स्टीफन्सनच्या चरित्रातून आम्ही शिकावयाचे ते हे की, एकदा नकार मिळाला म्हणून मार्ग मरत नाही, आणि नुसत्या घोषणांनी तो जिवंतही होत नाही. १८२५ साली हरलेले लोक १८२६ साली जिंकले, कारण त्यांनी आपल्या चुका मान्य करून नवे आकडे आणले. किती माल, किती प्रवासी, किती उत्पन्न, याचा बिनचूक हिशेब येथील व्यापाऱ्यांनी, प्राध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी मिळून मांडला, तर त्याला नाही म्हणणे दिल्लीलाही जड जाईल.

ज्यांना विलायतेला जाणे शक्य नाही, त्यांनी खंत करू नये. शाळेतील मुलांना घेऊन एक दिवस जलंबला जावे, खामगावच्या फाट्याकडे बोट दाखवावे आणि अठराव्या वर्षी अक्षरे गिरविणाऱ्या त्या खाणकामगाराची गोष्ट सांगावी. त्या मुलांपैकीच कोणी उद्या जालन्यापर्यंतची मोजणी बिनचूक करील.